रंगशाळेची किल्ली

एकदा एका नदीकाठच्या नगरीत एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत असत. त्यांच्या सचोटीवर साऱ्यांचा भरवसा. म्हणूनच गोविंदशेठ रंगाऱ्यांनी आपल्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून त्यांना नेमले होते. शेठ वारले. मृत्युपत्रात लिहिले होते : स्वकष्टाने उभारलेली, कापड रंगवायची रंगशाळा मुलगा दामोदर याला, आणि आईचे दागिने मुलगी कमळजा हिला.

ते वाचून शास्त्रीबुवांच्या शिष्याला धक्काच बसला. दामोदर दहा वर्षे बापाकडे फिरकला नव्हता. कोपरापर्यंत हात निळे करून रंगशाळा राखली होती ती कमळजेने.

तेरावे आटोपताच दामोदर चार दांडगे सोबती घेऊन, शास्त्रीबुवा राखत असलेल्या रंगशाळेच्या दारात उभा राहिला.

"किल्ली टाका, शास्त्रीबुवा. मालक मी आहे."

शास्त्रीबुवा शांतपणे उंबरठ्यावर बसले. "न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत इथली काडीही हलणार नाही."

एकाने काठी उगारली. शिष्य दोन पावले मागे सरला. शास्त्रीबुवांनी मात्र पापणीही लववली नाही. अखेर दामोदर दातओठ खात माघारी गेला.

शिष्याला वाटले, गुरुजी कमळजेच्या पाठीशी उभे राहिले. न्यायालयाची नोटीस निघाली तेव्हा ते स्वतः तिच्याकडे गेलेही. "पोरी, हरकत घ्यायची तर अजून मुदत आहे. तो तुझा हक्क आहे."

कमळजेने त्यांच्या हातचे मृत्युपत्र घेऊन सही निरखली. मग म्हणाली, "सही आबांचीच आहे, काका. चांगल्या शुद्धीत केलेली. खोटं कसं बोलू?"

हुकूम आला. त्याच सकाळी शास्त्रीबुवांनी किल्ली दामोदरच्या हातावर ठेवली. कमळजा मागे वळून न पाहता निघून गेली.

घरी परतताच शिष्याचा संयम सुटला. "गुरुजी, काठीला न भिणारे तुम्ही, आज अन्यायापुढे वाकलात? सारे अधिकार तुमच्याच हाती होते!"

"माझ्या हाती होते, माझे नव्हते," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्या दिवशी दार अडवले ते मृताच्या शब्दासाठी, आज उघडले तेही त्यासाठीच. राखणे, न्यायालयापुढे मांडणे, ज्याचे त्याला पोचवणे, एवढीच माझी सत्ता. त्याचा शब्द मला पटला नाही म्हणून मी तो बदलला, तर उद्या कोणता मरणारा माणूस कुणावर विसंबेल? दुसऱ्याच्या मालमत्तेतून केलेली दया ही चोरीच असते, बाळा."

"मग कमळजेचे काय?"

"माझे परसदार माझे आहे. तिथे रंगाच्या कढया मांड, असे काल तिला सांगून आलो. येईल की नाही, ते तिचे ती ठरवील."

शिष्य उठला आणि कोपऱ्यातले खुरपे घेऊन परसातले गवत काढू लागला.