नळातलं भूत

मुरलीशेठच्या बारात नळाची बिअर आंबूस लागायला लागली. दुपारी बार उघडला की नळ आपोआप हुंदके देई. गिऱ्हाईक तुटलं, तसा शेठ ग्लास विसळणाऱ्या गोजरावर उखडला, "तुझा मेलेला नवरा नळात शिरलाय! उद्यापासून येऊ नकोस."

गोजरा ऐकून घेणारी नव्हती. तिनं सगळ्यांदेखत बिअरच्या पिंपापासून नळाकडे जाणारी नळी उपसून झटकली. आतून पांढरं, बुळबुळीत, जिभेसारखं काहीतरी सरपटत बाहेर पडलं.

"भूत!" शेठ किंचाळला.

"माझा नवरा असता तर त्यानं पिंप रिकामं केलं असतं, शेठ, आंबवलं नसतं! बुरशीचं हे पोर तुमचं. वर्षभर नळी न धुता वाढवलंत."

दुसऱ्या दिवशी गोजरा कामावर होती आणि नळी शेठ धूत होता.