राळू आणि चांदीची कात्री

एका राज्यात, जिथं नद्या दुपारी निजत आणि डोंगर सकाळी जांभया देत, मेघकेतू नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता. त्याची पाखरांवर माया होती, जरा जास्तच होती, आणि तिथंच सगळं बिनसलं. महालात आलेलं पाखरू उडून जाऊ नये म्हणून तो त्याचे पंख छाटी. कमरेला सदा चांदीची कात्री. पाखराला हळदकुंकू लावत, सनई वाजे, राजा पिसं कापी आणि दरबारी माना डोलावत. पाखरू काय म्हणे, ते कुणी विचारत नसे.

एकदा त्यानं जांभूळवनातल्या मांत्रिकाच्या पाखराचे पंख कापले. मांत्रिक आला. ओरडला नाही, रागावला नाही. म्हणाला, "राजा, तुझ्या दोन्ही मुली आजपासून पाखरं. पंख असतील, उडणं नसेल. बारा वर्षांत एखादं नवं पाखरू आपल्या मर्जीनं त्यांच्याजवळ राहिलं, तर त्या पुन्हा मुली होतील. नाहीतर माणसाची भाषा विसरून कायमच्या पाखरं राहतील." एवढं बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

थोरली हेमकळा हिरवी झाली, धाकटी चंद्रकळा निळी. चिमणीहून जराशा मोठ्या, पाठीवर काळ्या लहरी. त्या राज्यात अशा पोपटांना राळू म्हणत, कारण ते राळ्याची, त्या बारीक पिवळ्या धान्याची, कणसं सोलून खात.

राजानं नवा राळू आणला. दुसरा आणला, तिसरा आणला. आणि पिंजऱ्यात सोडण्याआधी काय केलं? पंख कापले. जित्याची खोड, दुसरं काय! त्याला वाटे, उडून गेला तर राहील कसा? तिघेही राहिले, पण जाता येत नव्हतं म्हणून राहिले. शाप जागचा हलला नाही. पिंजऱ्यात आता पाच पाखरं होती आणि पाचही पायी चालणारी. चोचीनं तारा धरून वर चढत, पाय सुटला की धपकन खाली पडत.

बारा वर्षं सरत आली. तीनच दिवस उरले. एके काळी दिवसभर बडबडणाऱ्या चंद्रकळेला आता एकच शब्द येई, "बाबा." तोही जाईल या धास्तीनं राजा रोज पिंजऱ्यापाशी बसून राही.

त्या दिवशी सीमेवरच्या रानातून पाखरं पाळणारी सगुणा नावाची म्हातारी आली. तिच्या टोपलीत एक पिवळा राळू होता.

"महाराज, हा उडतो," ती म्हणाली.

राजाचा हात कमरेकडे गेला.

"हात आवरा. माझ्या तीन गोष्टी ऐकाल, तर याला ठेवते."

"सांग."

पहिल्या दिवशी तिनं पिवळ्याला वेगळ्या पिंजऱ्यात घालून मोठ्या पिंजऱ्याशेजारी टांगलं. "नव्या सुनेला उंबरठ्यावरून उचलून थेट चुलीपुढं बसवत नाहीत, महाराज. आधी ओळख होऊ द्या." दिवसभर सहा पाखरं तारांच्या अल्याडपल्याड एकमेकांकडे बघत राहिली. तिन्हीसांजेला सहाही जणांनी एकदमच चोची पिसांत खुपसल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं राजाला पिंजरा नव्यानं लावायला सांगितलं. राजानं बसायच्या काठ्या खाली घेतल्या, सुतळीच्या शिड्या विणल्या, तळाशी मऊ गवत पसरलं, दाण्यापाण्याच्या वाट्या खाली ठेवल्या. उंचावर एकच झोका ठेवला, पिवळ्यासाठी. राजाच्या बोटांना फोड आले.

"बारा वर्षांत हे मला का सुचलं नाही?"

"तुम्ही पंख बघत होतात, महाराज. यांचे पाय कुणी बघितले?"

मग पिवळा आत गेला. झोक्यावर न जाता खालच्या काठीवर हेमकळेशेजारी बसला.

"ज्यांना उडता येत नाही, त्यांच्यापुढं उडणं बरं दिसतं का?" त्यानं पाखरांच्या बोलीत विचारलं.

"उड," हेमकळा म्हणाली. "आम्ही कितीतरी दिवसांत कुणाला उडताना पाहिलं नाही."

तो उडाला. पाच माना त्याच्यामागं गोल फिरल्या. त्याच्या पंखांचा वारा खाली आला, तेव्हा पंख कापलेल्या तिघांनी आपले आखूड पंख उघडले आणि तसेच धरून ठेवले. राजानं तोंड फिरवलं, कारण ते त्याला बघवेना.

तिसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली, "कात्री विहिरीत टाका आणि दार उघडा."

"तो गेला तर?"

"तर गेला."

"आणि माझ्या मुली?"

सगुणेनं विहिरीकडे बोट केलं. राजा विहिरीच्या काठाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं कात्री सोडली. विहिरीनं ती गिळली आणि ढेकर दिला. राजानं पिंजऱ्याचं दार उघडलं. पिवळा भुर्रकन उडाला, तटावरून गेला, डोंगरापलीकडे ठिपका झाला, ठिपकाही दिसेनासा झाला.

सकाळ गेली. दुपार गेली. उन्हं कलली. चंद्रकळेनं राजाकडे बघून चोच उघडली आणि नुसतीच चिवचिव बाहेर पडली. राजा जमिनीवर बसून रडला. तरी त्यानं दार लावलं नाही.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा पिवळा आला. चोचीत त्याच्याहून लांब राळ्याचं कणीस होतं. उघड्या दारातून तो आत शिरला, झोका ओलांडून खालच्या काठीवर बसला आणि कणीस चंद्रकळेपुढं ठेवलं.

"शेत लांब होतं," तो म्हणाला.

पिंजऱ्याच्या तारा दवासारख्या विरल्या. गवतावर दोन तरण्या मुली बसल्या होत्या आणि धाकटीच्या ओठाला राळ्याचं फोलपट चिकटलं होतं. तिघा पाखरांना पिसं फुटली नि ती पिवळ्यामागं आभाळात गेली. "बाबा," चंद्रकळा म्हणाली, आणि मग तिनं बारा वर्षांचं सगळं बोलणं एकदम सुरू केलं.

आठवड्यानं ती म्हणाली, "बाबा, मला ते डोंगरापलीकडचं शेत बघायचंय."

राजाचा हात सवयीनं कमरेकडे गेला. तिथं काही नव्हतं.

"जा," तो म्हणाला. वेशीचा दरवाजा त्यानं स्वतः उघडला आणि पुन्हा लावू दिला नाही. सहाव्या दिवशी ती ओंजळभर राळे घेऊन आली. कणसात दाणा भरला, गोष्टीचा पाय घरी वळला.