वकिलाच्या घरचा वैद्य

फार मागे, राज्यांच्या सीमा डोंगरच आखून देत, तेव्हाची ही गोष्ट. एका घाटाच्या दोन बाजूंना दोन राज्ये होती. त्यांच्यात फारसे प्रेम नव्हते, पण भांडणही नव्हते. प्रत्येकाने आपला एक वकील दुसऱ्याच्या राजधानीत ठेवला होता. आपल्या राजाचे निरोप पोचवायचे आणि परक्या गावात राज्याचा मान राखून राहायचे, हे त्याचे काम.

या वकिलांसाठी एक नियम होता. आपल्या वकिलाला तिकडे जे मिळते, तेच त्यांच्या वकिलाला इकडे मिळायचे. दर अमावास्येला वकील आपल्या राजाला पत्र पाठवी: पाण्याची कावड येते, सरपण येते, दारावर पहारा असतो, बोलावले की राजवैद्य येतो. तिकडचे सरपण थांबले की इकडचेही थांबे. वर्षानुवर्षे कोणाची तक्रार नव्हती.

अलीकडच्या राज्याचा वकील म्हातारा आणि हट्टी होता. स्वतःचे काढे स्वतः उकळायचा. एकदा त्याने तिकडच्या राजवैद्याला सांगून टाकले, "बाबा, तुझ्या मात्रा मला नकोत. पुन्हा येऊ नकोस." त्या महिन्याच्या पत्रात त्याने लिहिले, "राजवैद्य येत नाही." त्यात खोटे काही नव्हते. का येत नाही, हे लिहायची पद्धतच नव्हती.

इकडच्या कारभाऱ्याने पत्र वाचले. माणूस सरळ होता. त्याने नियमाप्रमाणे पलीकडच्या वकिलाच्या घरचा राजवैद्य बंद केला.

चौथ्या दिवशी त्या वकिलाची मुलगी तापली. बकुळा तिचे नाव, वय सहा वर्षे. आई नव्हती; बाप आणि लेक एवढेच घर. गावातले वैद्य दारापर्यंत आले आणि परत फिरले, कारण दरबाराच्या परवानगीवाचून वकिलाच्या घरात पाऊल टाकायची कोणाला मुभा नव्हती.

वकील अनवाणीच कारभाऱ्याकडे आला.

"कारभारी, वैद्य पाठवा. पोर डोळे उघडत नाही."

"वकीलसाहेब, तुमच्या राजानं आमच्या माणसाचा वैद्य बंद केलाय. तो सुरू करा, त्याच घटकेला इथला तुमच्या दारात उभा करतो."

"आमच्याकडून असं व्हायचं नाही. काहीतरी चुकतंय."

"मग आमच्या वकिलाला विचारून घेतो. स्वार आत्ताच पाठवतो."

"घाट ओलांडून जाऊन यायला सहा दिवस लागतात हो! तुम्हालाही लेकरं आहेत ना?"

कारभाऱ्याने स्वार तेवढा रवाना केला. त्याला वाईट वाटले असणार, असे मी धरून चालतो. पण आज आपण नियम मोडला, तर उद्या तिकडे आपल्या माणसाला कोण विचारणार, ही भीती त्याच्या मनात होती. ती अगदीच खोटी होती, असे मला आजही म्हणवत नाही.

स्वार सहाव्या दिवशी परतला. म्हणाला, "आपल्या वकिलांनी स्वतःच वैद्याला घालवलं होतं. आणि आता तेच तापानं पडलेत."

कारभारी राजवैद्याला घेऊन धावला. बकुळाला आदल्या दिवशीच माती दिली होती. अंगणात तिचा लाकडी बैल दोरीसकट आडवा पडला होता.

मग अमावास्या आली. शोकात बुडालेला बाप आता पत्र लिहिणार, आणि तिकडे आपल्या आजारी म्हाताऱ्याचाही वैद्य बंद होणार, हे कारभाऱ्याला दिसत होते. पण कोणत्या तोंडाने त्याला काही मागायचे? तो गेलाच नाही.

पुढच्या महिन्यात म्हाताऱ्याचे थरथरत्या अक्षरातले पत्र आले. "मरता मरता वाचलो. मीच घालवलेला राजवैद्य अकरा दिवस उशाशी बसून होता. म्हणाला, आमच्या वकिलानं लिहिलंय की तिकडे राजवैद्य येतो. मग आम्हालाही यायलाच हवं."

कारभारी ते पत्र घेऊन वकिलाच्या घरी गेला. वकील बैलाची दोरी बोटांभोवती गुंडाळत बसला होता.

"तुम्ही खोटं लिहिलंत."

"हो."

"का?"

"खरं लिहिलं असतं, तर तुमचा नियम तिकडेही चालला असता. माझ्या दारात चालून गेला तेवढा पुरे झाला."

कारभारी पायरीवरच बसला.

त्या वर्षी दोन्ही राज्यांनी वैद्य आणि पाणी नियमातून काढून टाकले. बाकीचे काही थांबले तर पत्रात कारण लिहिणे ठरले. हिवाळ्यात वकील आपल्या देशी परतला. जाताना लाकडी बैल त्याने कारभाऱ्याच्या हाती ठेवला. त्यानंतर कोणाचे काही बंद करण्याआधी कारभारी तो बैल समोर घेऊन बसे. पण अंगणात तो ओढणारी पोर काही परत आली नाही.

तात्पर्य: बरोबरी करण्याआधी समोरच्याने असे का केले हे विचारावे, आणि कोणाचा जीव जात असेल तर विचारण्यासाठीही थांबू नये.