सुदेवाचे हुशार उंदीर

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात नदीकाठी एक गुरुकुल होतं. दरवर्षी माघात तिथे सभा भरे. प्रत्येक शिष्याने वर्षभर एखादी गोष्ट पारखून पाहायची आणि सभेत सगळ्यांसमोर दाखवायची, अशी तिथली रीत. त्या वर्षी सभेला खुद्द राजवैद्य येणार होते. ज्याची पारख त्यांना पटेल, त्याला ते आपला शिष्य करून राजधानीला नेणार होते.

सुदेव नावाच्या शिष्याला लहानपणापासून हेच हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

त्याने सात झाडांचा पाला घालून एक तूप कढवलं होतं. हे तूप खाल्लं की बुद्धी वाढते, असं त्याचं म्हणणं. ते दाखवायला त्याने ओसरीच्या कोपऱ्यात मातीच्या बुटक्या भिंतींचे दोन चक्रव्यूह रचले, अगदी सारखे. प्रत्येकाच्या शेवटी एक फुटाणा. मग दहा उंदीर धरले. पाच उंदरांना तूप-भाकरी, पाचांना कोरडी भाकरी. तूपवाले डावीकडच्या चक्रव्यूहात, कोरडे उजवीकडच्या.

आणि काय सांगावं! महिन्याभरात तूपवाले उंदीर सरळ जाऊन फुटाणा उचलू लागले. कोरडे आपले भिंतीवर नाक आपटत फिरत. सुदेव तर हवेतच चालू लागला.

सभेच्या दिवशी सकाळी गुरुपत्नी शेणाची बादली घेऊन ओसरीवर आल्या. सगळे त्यांना माई म्हणत.

"दीड महिना झाला, या कोपऱ्याला हात लावू देत नाहीस," माई म्हणाल्या. "आज राजवैद्य यायचेत. सरक बघू बाजूला!"

"माई, अहो, माझे उंदीर..."

"तुझे उंदीर घे उचलून. मी काय त्यांना सारवते आहे?"

पाहुणा यायचा तर सारवण हवंच. माईंनी भिंतींच्या आतल्या वाटासुद्धा हात घालून सारवल्या. जमीन वाळल्यावर सुदेवाने सहज एक तूपवाला उंदीर सोडून पाहिला. उंदीर पहिल्याच वळणाला चुकला. दुसरा चुकला. तिसरा तर तिथेच बसून मिशा साफ करू लागला.

सुदेव खाली वाकला. त्याने सगळ्यांत म्हाताऱ्या उंदराला विचारलं, "आजोबा, काल तर धावत गेलात! आज काय झालं?"

"अरे, आमच्या पायांना तूप लागतं," म्हातारा म्हणाला. "पहिला चुकतमाकत पोचतो. वाटेवर वास राहतो. बाकीचे वास काढत जातात. आज माईंनी वासच पुसला. अक्कल कसली घेऊन बसलास?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? एकदा आम्हांला उजवीकडे आणि त्या कोरड्यांना डावीकडे सोडलं असतंस, तर तुझं तुलाच कळलं असतं. बरं, अजून काही बिघडलेलं नाही. तूप खोटं निघालं, वासाची गोष्ट तर खरी आहे ना? तीच सांग सभेत."

बाहेर रथाची चाकं वाजली. सुदेवाने तुपात बोट बुडवलं आणि डाव्या चक्रव्यूहात, बरोबर वाटेवर, फुटाण्यापर्यंत ओढत नेलं.

सभेत उंदीर धावले. लोकांनी टाळ्या पिटल्या. राजवैद्यांनी सुदेवाला जवळ घेतलं आणि त्याच संध्याकाळी रथात बसवलं.

राजधानीत त्याच्यापुढे काम तयारच होतं. राजपुत्र नऊ वर्षांचा होता आणि त्याचा पाढा दोनापुढे सरकत नव्हता. राजवैद्यांनी राजाला शब्द दिला, "माझ्या शिष्याचं तूप द्या. दसऱ्याला राजपुत्र भर दरबारात दहापर्यंत पाढे म्हणतील."

राजपुत्राने तूप आवडीने खाल्लं. दसऱ्यापर्यंत त्याचे तीन अंगरखे घट्ट झाले.

दरबार भरला. राजपुत्र उभा राहिला. तीन एके तीन, इथपर्यंत गाडी आली आणि थांबली.

"तूप फार छान लागतं, बाबा," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. राजाने राजवैद्यांकडे पाहिलं. शब्द त्यांनी दिला होता. त्यांनी खांद्यावरची मानाची शाल उतरवली, घडी घालून सिंहासनापुढे ठेवली आणि ते बाहेर पडले. त्यांची चाळीस वर्षांची सेवा तिथे संपली.

वेशीपाशी सुदेवाने त्यांचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं. तूप, सारवण, म्हातारा उंदीर, बोटाने ओढलेली वाट.

"उंदीर वासावर जातात, हे तुला त्याच सकाळी कळलं होतं?" राजवैद्यांनी विचारलं.

"हो."

"अरे, बुद्धीचं तूप घेऊन माझ्याकडे दरवर्षी वीस जण येतात. आपली चूक आपणच सांगणारा एकही अजून आलेला नाही. तेवढं सांगितलं असतंस, तरी मी तुला नेलं असतं."

ते निघून गेले. सुदेव गुरुकुलात परतला आणि तिथेच म्हातारा झाला. कुणी शिष्य आनंदाने सांगत आला, की माझी पारख खरी ठरली, तर तो आधी त्याच्या हातात शेणाची बादली देई आणि म्हणे, "सारव, आणि पुन्हा करून दाखव."

तात्पर्य: चुकलेली पारख कबूल केली तर एका दिवसात निस्तरते, खरी म्हणून मिरवली तर तिची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणारा मोजतो.