शनिवारी बांधलेली पट्टी

कपाळावर जुना व्रण असलेले सखागिर महाराज त्या सुमारास बोरखेडीच्या मठात मुक्कामाला होते. मठाच्या ओट्यावर दर शनिवारी दौलतबापू हाडवैद्य मुरगळलेले हातपाय बांधत. बांबूच्या कामट्या, लेप आणि वरून महाराजांच्या धुनीची विभूती. पट्टी सोडायची ती पुढच्या शनिवारीच, हा बापूंचा दंडक. आधी सोडली तर विभूतीचा अपमान होतो, असे ते सांगत आणि गाव मानी.

केरसुण्या बांधणाऱ्या हौसाची चंद्री तीन वर्षांची. तिला ताप आला आणि तिने डावा पाय टेकणे सोडले. बापूंनी नडगी दाबली, लचक ठरवली, करकचून पट्टी बांधली. मंगळवारी पोरीचे अंग तव्यासारखे तापले. पायाला पदर लागला तरी ती किंचाळू लागली.

बुधवारी सकाळीच हौसा ओट्याशी आली. "बापू, पट्टी सोडा हो. पोर कुठं पडली नाही, धडपडली नाही. मग लचकंल कशी?"

बापूंनी बसलेल्या मंडळींकडे पाहिले. "घ्या. आता केरसुणीवाली मला हाडं शिकवणार. बाई, शनिवारपर्यंत दम धर. तेवढीही श्रद्धा नसंल तर आलीस कशाला?"

मंडळी हसली. हौसाचे कान तापले. ती पोरीला घेऊन तडक धुनीपाशी महाराजांकडे गेली.

महाराजांनी स्वतः पट्टी कापली. नडगी लालबुंद, टरारून फुगलेली. तिच्यावर तळहात ठेवताच महाराजांचा चेहरा पालटला. मुंगीलाही वाट देणारे महाराज उठले आणि ती पट्टी त्यांनी बापूंच्या पायांशी फेकली.

"माझी राख पुढं करून लेकराला कोंडलंस?" महाराज म्हणाले. "हाडात पू झालाय. याला शस्त्र लागतं, राख नाही. उचल पोर. तालुक्याच्या दवाखान्यात ने. आत्ता."

पुढे बापू पोरीला घेऊन, मागे हौसा. दुपारच्या एसटीने ते पोचले. दारातच परिचारिका म्हणाली, "बोरखेडीची चंद्री ना? डावी नडगी? आत आणा, सगळी तयारी आहे. डॉक्टर सकाळीच दौऱ्यावर निघाले होते, पण तुमचे महाराज जीपपुढं बसले ते हलेचनात. कपाळावर व्रण असलेले. आत्ताच उठून गेले."

बापू दारातच थबकले. सकाळभर तर महाराज त्यांच्या डोळ्यांसमोर धुनीपाशी होते.

डॉक्टरांनी हाडाला बारीक भोके पाडून वाटीभर पू काढला. ती वाटी त्यांनी बापूंपुढे धरली. "शनिवारची वाट पाहिली असती, तर पाय गेला असता. कदाचित पोरही."

पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू झाली. आठवड्यात ताप उतरला, तरी डॉक्टरांनी पुरे सहा आठवडे औषध थांबवले नाही. हौसा खाटेपासून हलली नाही.

चंद्री मठात परतली ती आईचे बोट धरून, चालत. बापू महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

"माझे पाय धड आहेत," महाराज म्हणाले. "तिथं वाक."

साऱ्या गावादेखत बापूंनी चंद्रीच्या डाव्या पावलावर डोके ठेवले. दाढी टोचली म्हणून चंद्रीने पाय उचलला.

"टेकव गं," हौसा म्हणाली. "नीट टेकव."

चंद्रीने पाय टेकवला. बापूंचे डोके बराच वेळ वर आले नाही.