मिटल्या डोळ्यांचा घास

हा चौथरा बघा. वरचा क्रूस अलीकडचा, सिमेंटचा आहे. चौथरा मात्र जुना. त्यावर दगडात एक ताटली कोरली आहे आणि ताटलीत दोन डोळे आहेत. ही सांता लुसीची खूण. ती दृष्टी राखणारी संत, म्हणून तसबिरीत अशी ताटली हातात धरून उभी असते. पण बाकी सगळीकडे ते डोळे टक्क उघडे असतात. आमच्या या खारभाट गावातच ते मिटलेले आहेत. पाथरवट चुकला असणार, असं येणारा प्रत्येक पाहुणा मला सांगतो, आणि मी ऐकून घेतो.

माझं नाव बस्त्याव डाबरे. एसटीत तिकिटं तपासण्यात हयात गेली, त्यामुळे माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही नेमके तेरा डिसेंबरलाच कसे उगवलात, हेही माझ्या मनात येऊन गेलं. आज सांता लुसीचा सण. मागे एक गोरी बाई आली होती. तिच्या देशात म्हणे आजच्या दिवशी पहाटे घरातली मुलगी डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालते आणि घरच्यांना अंथरुणात कॉफी नेऊन देते. केसांना आग लागत नाही का, असं मी विचारलं, तर हसली. आणखी एका मुलखात आज पावाला हात लावत नाहीत, उकडलेले गहू खातात. दुष्काळात गव्हाचं जहाज आलं, तेव्हा दळत बसायला कुणाला धीर नव्हता म्हणे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आमची तऱ्हा ही, की आज खारभाटात कुणी आपल्या हातानं पहिला घास खात नाही. दुसरा भरवतो. खाणाऱ्यानं डोळे मिटायचे आणि काय आहे ते विचारायचं नाही.

हे कसं सुरू झालं, ते माझ्या आजीनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. त्याच्या मागचं मला तपासता आलेलं नाही.

तेव्हा इथे रेल्वे नव्हती. गावात कातरीन नावाची एक विधवा होती. खाडीपलीकडून लग्न होऊन आलेली, म्हणजे परकीच. नवरा समुद्रात गेला, मूल नव्हतं. कुणाकडे आजारपण आलं, चूल पेटली नाही, की ही पेजेचं मडकं घेऊन दारात हजर. लोक पेज खायचे आणि ती गेल्यावर म्हणायचे, हिला कशाला एवढा पुळका?

मग एका वर्षी, नाताळच्या आधीच्या थंडीत, गावात पटकी शिरली. जुलाब, उलट्या, दोन दिवसांत माणूस खलास. पहिला आंतोन गेला, मग इनासची बायको, मग एकाच घरातले तिघे. गावाचा मुखत्यार, म्हणजे कारभारी, होता पास्कोल. हुशार, करारी माणूस. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. मेलेल्या प्रत्येकाच्या घरी आदल्या दिवशी कातरीनची पेज गेली होती.

त्यानं चर्चच्या आवारात माणसं गोळा केली आणि घरांची नावं एकेक करून घेतली. एकही चुकलं नाही. जिथे तिचं मडकं, तिथे मरण. आजारी घर बघूनच ती जायची, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला तरी आलं असतं का, सांगता येत नाही.

कातरीनला बोलावलं. ती म्हणाली, "पीराच्या टेकडीवर मुजावर हसनमियाच्या घरात सात माणसं आहेत. एकाला तरी काही झालंय का? त्यांची विहीर वेगळी आहे. आपल्या विहिरीचं पाणी सोडा, त्यांचं आणा. आणि आजाऱ्याचं पाणी तोडू नका, त्याला घोट घोट देत राहा."

त्या काळी पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही अशी पक्की समजूत होती. पाण्यानं जुलाब वाढतात, असं सगळेच मानत. त्यामुळे तिच्या या बोलण्यानं संशय फिटायचा सोडून दुणावला. मुजावराच्या घरी कुणी मरत नाही, आणि ही त्यांच्या टेकडीवर ये-जा करते! पास्कोलनं करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून आणवल्या आणि तिच्या घराभोवती छातीएवढं कुंपण घालून घेतलं. हिच्या हातचं कुणी घ्यायचं नाही, हिला कुणी काही द्यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पास्कोलचीच मुलगी आजारी पडली. मोनी, सहा वर्षांची, तोवर एकुलती एक. सकाळी तिला पहिली उलटी झाली, दुपारपर्यंत डोळे खोल गेले आणि ती "पाणी, पाणी" करू लागली. पास्कोलनं पाण्याचा हंडा उचलून बाहेर ठेवला. पोरीवर त्याचा जीव होता, म्हणूनच ठेवला.

मोनीचं रडणं कातरीनच्या घरापर्यंत ऐकू जात होतं. ती काट्यांतून बाहेर पडली. टेकडी चढून तिनं पीराच्या विहिरीचं पाणी आणलं, मीठ आणि गूळ घालून पातळ पेज केली आणि मडकं घेऊन दारात आली. हातांवर, गालांवर ओरखडे होते.

"काय आहे यात?" पास्कोलनं विचारलं.

"पेज आहे."

"पाणी कुठलं?"

खोटं बोलली असती तर काम सोपं झालं असतं. "पीराच्या विहिरीचं," ती म्हणाली. पास्कोलनं लाथेनं मडकं उडवलं.

ती पुन्हा टेकडी चढली म्हणे. दुसरं मडकंही फुटलं. तिसऱ्या खेपेला मात्र पास्कोलची बायको दुमिंगा बाहेर आली आणि नवऱ्याच्या आणि मडक्याच्या मध्ये उभी राहिली.

"मी आधी पिते," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मला काही झालं, तर हिला पुन्हा घाला तुमच्या त्या काट्यांत. आणि तोवर पोरगीच राहिली नाही, तर तुम्ही कुणाला घालणार ते सांगा."

ती प्यायली. मग तिनं चमच्या-चमच्यानं मोनीला पाजलं. पास्कोल दाराला टेकून बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला, विषाची लक्षणं दिसतात का म्हणून. कातरीन कधी निघून गेली, ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांता लुसीचा सण होता. सकाळी मोनी उठून बसली आणि तिनं खायला मागितलं.

पास्कोल स्वतः टेकडी चढला. हसनमियानं काही न विचारता त्याचा हंडा भरून दिला. दुमिंगानं पेज केली, आणि ती वाटी घेऊन पास्कोल कातरीनकडे गेला. मागून गाव आलं. कुंपण त्यानंच घातलं होतं, ते त्यालाच हातांनी ओढून काढावं लागलं. आत कातरीन जमिनीवर पडलेली होती. तिला पटकी झाली होती. तीन खेपा आमच्यासाठी पाणी आणलं, पण स्वतःसाठी चौथी खेप करायचं तिच्यात बळ राहिलं नव्हतं, आणि काट्यांच्या आत तिला पाणी द्यायला कोण जाणार होतं?

तिनं पास्कोलकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. मागे दारात सगळं गाव उभं होतं. यात काय आहे, असं विचारायचा हक्क त्या दिवशी खारभाटात फक्त तिला होता. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

पास्कोलनं तिला भरवलं. ती वाचली, असं काही लोक सांगतात. म्हातारी होऊन मेली म्हणतात. मला ते पटत नाही. वाचली असती तर गावानं तिची माफी मागितली असती आणि विसरून गेलं असतं. इतकी वर्षं कुणी लाज जपून ठेवत नाही. ती त्याच दुपारी गेली.

आजही तेरा डिसेंबरला सणाचं पाणी पीराच्या विहिरीवरून येतं, आणि पहिला हंडा मुजावराच्या घरचं माणूस भरतं. आजही शेजारी शेजाऱ्याला घास भरवतो, आणि ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही, त्याच्याकडे आधी जायचं असतं. एका घराची रीत मात्र वेगळी आहे. पास्कोलच्या वंशातला वडीलधारा दुपारी या चौथऱ्यापाशी डोळे मिटून उभा राहतो. गावातल्या कुणीही यावं आणि हवं ते त्याच्या तोंडात घालावं.

पास्कोल डाबरे माझा खापरपणजा. चोवीस वर्षं मी इथे उभा राहतोय. सांदण मिळालंय, गुळाचा खडा मिळालाय, एकदा कुणीतरी कडुनिंबाचा पाला भरवला. गेल्या वर्षी नुसती मिरची होती, लवंगी. पाठीमागून कुणी तरी खुदकन हसलं, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा वाटला. नुसते डोळे उघडायचा अवकाश होता. मी मिरची चावली, गिळली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.