अस्सल चुकीच्या अकरा पेट्या

हिरापूरच्या राजाला भेट गेलेल्या पेटीत दोन हत्ती निघाले आणि महाराज निघालेच नाहीत!

कनकपूरचे राजे धैर्यसेन यांनी राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून टांकसाळीत खास नाणी पाडून घेतली होती. सूर्य, किल्ला, स्वतः महाराज, महाराणी आणि हत्ती. ही पाच नाणी मखमली पेटीत ओळीनं बसवायची, प्रत्येकाखाली सोनेरी अक्षरांत नाव, आणि वर लाखेची मोहर. अशा बारा पेट्या बारा राजांना गेल्या. हिरापूरच्या पेटीत मात्र ‘प्रजाहितदक्ष महाराज, प्रसन्न मुद्रेत’ या अक्षरांच्या वर सोंड उंचावलेला हत्ती बसला होता.

हिरापूरच्या राजानं पत्र धाडलं, ‘आपली तब्येत चांगलीच सुधारलेली पाहून आनंद झाला.’

महाराज ताडकन उठले. “कोणी भरली ही पेटी? एवढ्याशा कामात चूक होतेच कशी?”

टांकसाळीत वीस वर्षं पेट्या भरणारी हौसा पुढे आली. “मीच भरली, सरकार. हत्ती हातात आला, तो महाराज समजून बसवला.”

“म्हणजे मी हत्तीसारखा दिसतो?”

“नाही सरकार! पण नाण्यावर दोघांचंही तोंड डावीकडेच आहे.”

प्रधानांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. महाराज हौसाला राज्याबाहेर काढायचा हुकूम देणार, एवढ्यात द्वारपाल धावत आला.

“महाराज, अकरा राजांचे अकरा वकील आलेत! सगळे पेट्या परत करायला!”

“का? त्या तर बरोबर होत्या!”

“तेच तर दुखणं आहे!” वकिलांचा पुढारी आत येत म्हणाला. “हिरापूरकर सगळीकडे मिरवतात, की अशी चुकलेली पेटी जगात एकच! लांबलांबून लोक बघायला येतात. आणि आमच्या राजांना काय? सगळं जागच्या जागी! हा आमचा अपमान आहे. आम्हालाही चुकलेल्या पेट्या हव्यात, नाहीतर मैत्री संपली!”

“एवढंच ना?” हौसा म्हणाली. “आत्ता इकडचं तिकडे करून देते.”

“थांब!” वकिलांबरोबर आलेले म्हातारे पारखी गंगोबा डोळ्याला भिंग लावून म्हणाले. “मुद्दाम केली ती चूक नव्हे, ती नक्कल. आमच्या राजांना अस्सल चूक हवी. भरणाऱ्यानं बरोबर भरायला जावं आणि चुकावं!”

महाराजांनी कपाळाला हात लावला. मग हौसाकडे बोट केलं. “उद्या दुपारपर्यंत अकरा पेट्या. प्रत्येकीत चूक हवी आणि एकही चूक मुद्दाम केलेली नको. नाही जमलं तर सीमेपलीकडे चालती हो!”

हौसा घरी गेली. भाकरी थापायला बसली. वीस वर्षं हात बिनचूक चालवायची सवय. आता चुकायचं कसं? बरं, चुकायचं म्हणून चुकले तर ती नक्कल! विचार करता करता ती एकदम हसली आणि तशीच उठून वाड्यावर गेली.

“सरकार, पेट्या कोणी भरायच्या ते मी ठरवणार. कोणी नाही म्हणायचं नाही.”

“कबूल!” महाराज म्हणाले.

सकाळी टांकसाळीत चटईवर ओळीनं कोण बसलं होतं? महाराज, प्रधान, सेनापती आणि राजगुरू! समोर पाच टोपल्यांत पाच तऱ्हेची नाणी. मागे गंगोबा भिंग घेऊन उभे.

“मंडळी,” हौसा म्हणाली, “पेट्या अगदी बिनचूक भरायच्या.”

“अगं पण आपल्याला चुका हव्यात!” महाराज कुजबुजले.

“त्याची काळजी सोडा. आपण जीव ओतून बरोबर भरा. मी शंभर आकडे मोजते, तेवढ्यात एक पेटी. मला तेवढाच वेळ लागतो. एक... दोन...”

अशी तारांबळ उडाली! सेनापतींचा सूर्य गडगडत प्रधानांच्या मांडीखाली गेला. राजगुरूंनी पेटी उलटी धरली आणि तळालाच झाकण समजून मोहर लावली. प्रधानांची दाढी लाखेत चिकटली. ती सोडवायला सेनापती धावले, तोवर हौसा शंभरावर पोचली. “पुढची पेटी!”

दुपारपर्यंत अकरा पेट्या तयार. गंगोबांनी एकेक उघडली.

“पहिलीत तीन राण्या. चूक! दुसरीत चार नाणी आणि एक सुपारी. चूक!”

“माझी सुपारी!” सेनापती ओरडले. “मग मी मघापासून चघळतोय काय?”

त्यांनी तोंडातून सूर्य काढला.

दहा पेट्या झाल्या, दहाही चुकलेल्या. अकरावी खुद्द महाराजांनी भरलेली. गंगोबांनी झाकण उघडलं. पाचही घरांत महाराज!

“महाराज, हे मुद्दाम केलंत?” गंगोबांनी विचारलं.

“काय केलं?” महाराजांनी पेटीत डोकावून पाहिलं. “किती नीटनेटकी भरलीय! चूक कुठे आहे?”

गंगोबांनी भिंग कपाळाला लावून नमस्कार केला. “अस्सल! याहून अस्सल चूक मी जन्मात पाहिली नाही!”

ती पेटी मिळवायला अकरा वकील एकमेकांवर तुटून पडले.

“हौसा,” महाराजांनी विचारलं, “आमच्यापैकी एकालाही एकसुद्धा पेटी जमणार नाही, हे तुला कसं कळलं?”

“सोपं होतं, सरकार. वीस वर्षांत एकदा चुकले, तर आपण विचारलंत की एवढ्याशा कामात चूक होतेच कशी! म्हटलं, ज्यांना हे काम एवढंसं वाटतं, त्यांनी ते कधी केलेलं नसणार.”

प्रधानांनी अर्धी उरलेली दाढी कुरवाळली. आणि महाराज असे खदाखदा हसले, की टोपलीतली नाणी थरथरली.

“आजपासून या टांकसाळीची मुख्य तू! आणखी काय हवं ते माग!”

हौसानं चटईभर सांडलेली नाणी, सांडलेली लाख आणि चटईला चिकटलेले राजगुरू पाहिले.

“एकच मागते, सरकार. उद्यापासून मदतीला येऊ नका!”